रहाटावरचा हात

पिंपानं दारू सोडली असं कळल्यावर गाव आधी हसलं. मग गावानं विचारलं, कुठल्या दवाखान्यात ठेवला होता? कुठंच नाही, घरीच, असं कळल्यावर गाव परत हसलं, आणि ह्या वेळी जरा जास्त वेळ हसत राहिलं.

हसणारच की! पिंप हे नावच मुळी गावानं ठेवलेलं. कितीही ओता, भरत नाही, आणि थेंब सांडत नाही, म्हणून पिंप. विहिरी खोदणाऱ्या टोळीत तो रहाटावर असायचा. दिवसभर पोटात दारू, पण हात असा स्थिर की मुठीवर भरलेला पेला ठेवावा. काम सुटलं की मात्र सगळं उलटं. मग तो गुत्त्यात बसायचा आणि दिवेलागणीला घराकडे निघायचा. एक पाय जड, दुसरा घासत. कुंपणाच्या कोपऱ्यावरच्या दगडाला रोज ठेच, रोज त्या दगडाच्या आईबापाचा उद्धार, आणि मग दाराच्या कडीशी झटापट. बायकोनं आतून म्हणायचं, “थांबा, उघडते.” इतकी वर्षं संसार झाला तो ह्या आवाजांवर.

त्या साली पाणी फार खाली गेलं होतं. विहिरींनी तळ दाखवला आणि ज्याला त्याला आपली विहीर आणखी खोल करून हवी होती. मुकादमाच्या टोळीला मान वर करायला फुरसत नव्हती. खाली उतरून खोदणारा धाकटा, आणि त्याला वर-खाली करणारा त्याचा थोरला भाऊ, म्हणजे पिंप. ह्या कामाची एक रीत आहे. गाळाची टोपली ओढायची तर रहाटाच्या दोन मुठींना दोन माणसं. पण दोराला माणूस असला की मूठ एकानंच फिरवायची. दोघांचे हात एका चालीनं चालत नाहीत, दोर हिसके खातो, आणि खालचा भिंतीवर आपटतो. ‘माणसाला एकच हात’ असं टोळीत म्हणायचे. तो हात हलू नये म्हणून सकाळी मुकादम स्वतः एक पेला भरून रहाटाजवळच्या दगडावर ठेवायचा. त्याचा बापही ठेवायचा. पिंपाच्या दारूची सुरुवात त्याच दगडावर झाली, पण हे कधी कुणी बोललं नाही.

तर असा हा माणूस एका संध्याकाळी ठेच न लागता घरी आला. पाय धुतले आणि चुलीपाशी बसून बायकोला म्हणाला, “आजपासून नाही.”

“काय नाही?”

“ती.”

असल्या शपथा बायकोनं पोत्यानं ऐकल्या होत्या. तिनं ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशीपासून त्याला कापरं भरलं. गोधडी पिळावी इतका घाम. भिंतीवरून मुंग्या वेचायला लागला. भिंतीवर मुंगी एक नाही आणि हा मूठ भरभरून बाहेर टाकतोय. बायको घाबरली. तिनं दवाखान्यातल्या कंपाउंडरला बोलावलं. तो नाडी बघून म्हणाला, “एकदम तोडायची नसते हो वहिनी. अंग चवताळतं. कधी जिवावर बेततं. मोठ्या दवाखान्यात न्या.”

सासू कोपऱ्यातून कडाडली, “काही गरज नाही! दवाखान्यात नेलं की जन्माचा शिक्का. मनात आणलं की सुटते. ह्याच्या चुलत्यानं एका दिवसात सोडली होती.”

“मग काय झालं त्यांचं?” बायकोनं विचारलं.

“मग काय होणार! आठवड्यात गेले. पण सुटली होती.”

बायकोनं सासूचं ऐकलं नाही. शेजाऱ्याची गाडी सांगितली आणि नवऱ्याला उठवायला गेली. तो भिंतीला पाठ लावून बसला होता आणि दाराकडे बघत होता. “उघडू नकोस,” तो म्हणाला.

“अहो, गाडी आलीय. दवाखान्यात जायचंय.”

“बाहेर तो बसलाय. दार उघडलंस की आत येईल.”

“कोण?”

“तू रोज ज्याला दार उघडतेस तो.”

तिनं फटीतून पाहिलं. अंगण रिकामं होतं. उंबऱ्यापाशी ऊन पडलं होतं. पण तिचा हात कडीवरून मागं आला तो आलाच. गाडीवाला बोंबलून निघून गेला. आपण त्या दिवशी दार का उघडलं नाही, हे पुढं तिला स्वतःलाही सांगता आलं नाही.

तो वाचला. कसा वाचला कुणास ठाऊक. घाम आटला, मुंग्या गेल्या, माणूस अर्धा होऊन उठला. हात तेवढे राहिले थरथरत. पाण्याचा तांब्या तोंडाशी न्यायचा म्हणजे निम्मा अंगावर.

आणि मग ते सुरू झालं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती दिवा लावत होती. नवरा समोर बसून दोर वळत होता. बाहेर पाय वाजले. एक जड, दुसरा घासत. कोपऱ्यावरच्या दगडाशी आवाज झाला. मग कडी हलली. सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, “थांबा, उघडते.” आणि ती जागीच गार पडली. नवऱ्यानं मान वर केली नाही. दोर वळता वळता म्हणाला, “तुलाही ऐकू येतो होय?”

“वारा असेल,” ती म्हणाली.

“असेल,” तो म्हणाला. बाहेर पानसुद्धा हलत नव्हतं.

ती गिरणीत दळण घेऊन गेली तर तिथं तोच विषय. गिरणीवाला पट्टा चढवता चढवता म्हणाला, “सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. चार दिवस थांबा, परत गुत्त्यात दिसतो की नाही बघा.” न्हावी पिठाचा डबा मांडीवर घेऊन बसला होता. तो शहाणपणानं म्हणाला, “उपचाराशिवाय ती सुटत नसते. माझ्या मेव्हण्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलाय. चौथ्यांदा.” दोघं-तिघं फिदीफिदी हसले. न्हावी खट्टू झाला. “हसा लेको. चौथ्यांदा का होईना, प्रयत्न तर करतोय.”

एक म्हातारी दळणाच्या पोत्यावर टेकली होती. ती हसली नाही. बायकोला जवळ ओढून कानाशी म्हणाली, “पोरी, अशी आपोआप सुटते तेव्हा दारू जात नाही. माणूस जातो. दिसतो तसाच, पण आतला दुसरा असतो. झोपला की नीट बघ, ओळखीचा वाटतो का.”

“काहीतरीच काय बोलता!” बायको म्हणाली. पण दळण न घेताच ती घरी आली.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं पंचा नीट घडी घालून दोरीवर टाकला. मग तिच्याकडे बघून म्हणाला, “दमलीस का?” इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यानं कधी विचारला नव्हता. तिला भरून यायला हवं होतं. तिच्या अंगावर काटा आला. हा कोण, असं एकदम मनात आलं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. शिव्या देणारा, ठेचकाळणारा तो तिच्या ओळखीचा होता. त्याचं काय करायचं ते तिला पाठ होतं. ह्या मऊ बोलणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

टोळीत तर वेगळंच. पिंप कामावर गेला तेव्हा मुकादमानं रीतीप्रमाणे पेला दगडावर ठेवला होता. पिंपानं पेल्याला हात लावला नाही आणि मूठ धरली. मूठ खडखडायला लागली. मुकादमानं पुढं होऊन सगळ्यांदेखत त्याचं तोंड हुंगलं, बैल विकत घेताना दात बघतात तसं. वास नव्हता. म्हणून तर तो जास्तच बिथरला. “वास नाही आणि हात हलतोय, म्हणजे काय? तुझ्या हातात मी माणूस देऊ?”

त्यानं पिंपाला गाळाच्या टोपल्या वाहायला लावलं. ज्याच्या शब्दावर टोळी थांबायची, तो आता पोरासोरांच्या मागं डोक्यावर चिखल घेऊन चालायला लागला. चिखल कानात, मानेत, तोंडात. “रिकामं पिंप जरा बाजूला!” म्हणून टोळीतले ओरडायचे. तो बाजूला व्हायचा.

रहाटावर दुसरा एक दांडगा माणूस आला. त्यानं धाकट्याला दोनदा भिंतीवर आपटला. धाकटा खांदा सोलून घरी आला. वहिनी हळद लावत होती तेव्हा तो म्हणाला, “दादा रहाटावर असेल तरच मी खाली उतरीन. नाहीतर नाही.”

थोरला कोपऱ्यात आपले हात मांड्यांखाली दाबून बसला होता. “माझा हात हलतो रे,” तो म्हणाला.

“हलू दे. हलणारा हात तुझा आहे हे तरी कळतं.”

मुकादम घरी आला तो तिन्हीसांजेला. अंगणात खाटेवर बसला, चहा घेतला, आणि आवाज मऊ करून बायकोला म्हणाला, “वहिनी, तुम्ही समजवा ह्याला. सोडायची तर सोड म्हणावं, माझं काही म्हणणं नाही. फक्त सकाळचा एक पेला. दारू म्हणून नको, औषध म्हणून. हात थांबेल, भावाचा जीव सांभाळला जाईल. नाहीतर उद्यापासून दोघंही घरी बसा. मला दुसरे भाऊ मिळतील.”

बायकोनं सासूकडे पाहिलं. ‘मनात आणलं की सुटते’ म्हणणारी ती म्हातारी आता पदराशी चाळा करत होती. “घोटभर घेतली तर काय आभाळ कोसळतं,” ती पुटपुटली. “धाकट्या पोराच्या जिवाचा प्रश्न आहे.”

“मी सांगते त्यांना,” बायको म्हणाली. काय सांगणार होती ते तिला ठाऊक नव्हतं. घोट घेतला तर नवरा गेला. नाही घेतला आणि हात चुकला तर दीर गेला. मुकादम उठून गेला तरी ती खाटेच्या कडेशी उभीच राहिली. तेवढ्यात कुंपणाकडून पाय वाजायला लागले. ह्या वेळी ती बाहेर होती आणि तिच्यासमोर वाट सरळ दिसत होती. वाटेवर कुणी नव्हतं. पाय जवळ येत होते. कोपऱ्यावरचा दगड किंचित हलला. ती आत पळाली, कडी घातली, आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. पाठीमागं कडी हलत होती.

“तुम्ही घेऊ नका,” ती नवऱ्याला म्हणाली. “काय व्हायचं ते होऊ दे. घेऊ नका.”

तो मान हलवून हो म्हणाला.

सकाळी मुकादमानं पेला दगडावर ठेवला. अगदी काठोकाठ. पिंप रहाटापाशी गेला. मुकादमाला वाटलं घरच्यांनी समजावलंय, त्यानं मुद्दाम तोंड फिरवलं आणि तो झाडाकडे निघून गेला. घोट घ्यायलाही माणसाला जरा आडोसा लागतो. पेला तसाच राहिला. पिंपानं मूठ धरली, धाकट्यानं कमरेला दोर बांधला आणि भावाकडे एकदा बघून तो खाली उतरला. रहाट करकरला, दोर थरथरला, भिंतीचे खडे सुटून खाली पडत राहिले. पण धाकटा तळाला पोचला. खालून त्याचा आवाज आला, “पोचलो दादा!”

बायको दुपारचं जेवण घेऊन आली तेव्हा ऊन रणरणत होतं. टोळी झाडाखाली पांगली होती. मुकादम पंचा तोंडावर टाकून आडवा झाला होता. रहाटापाशी नवरा एकटा, मूठ धरून उभा. खाली माणूस असला की रहाटवाल्यानं मूठ सोडायची नाही, हीही रीतच. दगडावर पेला भरलेला होता. त्यात एक माशी पडली होती. तिनं ती आपल्या डोळ्यांनी पाहिली.

ती डबा ठेवायला वाकली आणि खालून आवाज आला. आधी बारीक, कुणी पोतं फाडावं तसा. मग धाकट्याची हाक, “दादा! भिंत सुटतेय! ओढ!” आणि दोराला दोन हिसके. दोन हिसके म्हणजे वर घे.

पिंपानं मूठ फिरवली. हात असे कापत होते की दोर वितीनं वर यायचा आणि वितीनं परत खाली जायचा. त्याच्या कपाळावरची शीर फुगली. “येत नाही गं,” तो म्हणाला. “मला जमत नाही.” खाली धपाधप माती कोसळत होती. टोळी उठून धावत निघाली होती, पण झाडापासून रहाट बराच लांब होता. तिनं दुसऱ्या मुठीला हात घातला. “नको!” तो ओरडला. “दोघांनी नाही! आपटेल तो!” तिनं हात काढला.

आणि भर दुपारी, लख्ख उन्हात, तिच्या मागं खडीवर पाय वाजले. एक जड, दुसरा घासत.

तिनं वळून पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही. पाय तिच्या अगदी जवळून गेले. तो ओळखीचा आंबट वास आला आणि मानेवर उष्ण श्वास लागला. इतक्या वर्षांच्या सवयीनं तिच्या तोंडून आलं, “आलात?” नवऱ्यानंही डोळे वर करून तिच्या खांद्यापलीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. विहिरीत पडलेल्या माणसाला वर कुणीतरी दिसावं तसा तो बघत होता.

दुसऱ्या बाजूची मूठ, जिला कुणाचा हात नव्हता, ती थबकली. मग दोन्ही मुठी एका चालीनं फिरायला लागल्या. रहाट करकरला नाही. दोर तारेसारखा ताठ, एकही हिसका नाही. नवऱ्याचे दोन्ही हात त्याच्याच मुठीवर होते आणि ते कापत होते. ती त्या हातांवरून नजर काढत नव्हती. टोळी पोचली तेव्हा धाकट्याचं डोकं काठावर आलं होतं. चौघांनी त्याला ओढून बाहेर घेतला आणि खाली विहिरीची अर्धी भिंत बसली. धुळीचा लोट वर आला.

धाकटा खोकत, थुंकत, मातीनं माखलेला पडला होता. सगळे एकदम बोलत होते. त्याला श्वास आला तेव्हा त्यानं पहिल्यांदा विचारलं, “रहाटावर दादाबरोबर कोण होतं?”

“कुणी नाही. एकटाच होता,” मुकादम म्हणाला.

“नाही. दोन जणं होते. दोर कळतो मला. एक हात हलत होता, एक नव्हता.” तो बरळतोय म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

मुकादमाचं लक्ष दगडाकडे गेलं होतं. पेला रिकामा होता. तळाशी माशी चिकटली होती. त्याचा चेहरा एकदम उजळला. त्यानं पिंपाच्या पाठीत थाप मारली. “आता कसा माणसात आलास! म्हटलं नव्हतं? एक घोट घेतला आणि हात थांबला! अरे, लोखंड आहे लोखंड!” टोळी हसायला लागली. जीव वाचल्याचं हसू होतं ते. “भरलं रे पिंप!” कुणीतरी ओरडलं. कुणी गळ्यात पडलं, कुणी तंबाखू पुढं केली. पिंप दोन्ही हात काखेत दाबून उभा होता.

“त्यांनी नाही घेतली,” बायको म्हणाली. कुणी ऐकलं नाही म्हणून ती मोठ्यानं म्हणाली, “मी इथंच होते. त्यांनी पेल्याला हात लावला नाही!”

मुकादम तिच्याकडे वळला, आणि सांभाळून घ्यावं तसं हसला. “असू द्या वहिनी. आम्ही कुठं दोष देतोय? औषध म्हणून घेतली.”

“हुंगा त्यांचं तोंड,” ती म्हणाली. “त्या दिवशी हुंगलंत ना? आज हुंगा!”

पण आज कुणाला हुंगायचं नव्हतं. सगळं त्यांच्या मनासारखं झालं होतं. मुकादम पेला पंचानं पुसत म्हणाला, “उद्यापासून रहाट परत तुझाच रे. पेला मी ठेवतोच दगडावर.”

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पिंपानं परत सुरू केली, आणि म्हणून भाऊ वाचला. गिरणीवाला म्हणाला, मी सांगितलंच होतं. न्हावी म्हणाला, मी पण.

घरी जाताना पुढं नवरा, त्याच्या खांद्याला धरून दीर, आणि मागं ती. वाटेवर तिघांच्या पावलांचे आवाज येत होते आणि आणखी एकाचे. ते जरा मागं होते. कोपऱ्यावर तिघं दगड चुकवून वळले. मग मागून दगडाला ठेच लागली. ह्या वेळी शिवी आली नाही.

तिनं सगळ्यांना आत घेतलं आणि कडी घातली. सासू धाकट्याला कुरवाळत रडत होती. नवरा भिंतीशी बसला. अंधारात त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता. हात मांडीवर होते, पण हलतात की नाही ते कळत नव्हतं. बाहेर कोण राहिलं आणि आत कोण आलं, हे कुणाला विचारायचं? रहाटावर तर दोघंही होते.

तिनं माठातून तांब्या भरला. काठोकाठ भरला. दिवा उचलून जवळ ठेवला आणि तांब्या त्याच्यापुढं धरला. “पाणी घ्या,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका लागला.

त्यानं दोन्ही हात पुढं केले. तांब्या उचलला. क्षणभर काहीच झालं नाही. मग काठावरचं पाणी हललं, लवंडलं, त्याच्या मनगटावरून ओघळलं आणि मांडी भिजली.

“सांडलं गं,” तो ओशाळून म्हणाला.

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. “सांडू दे,” ती म्हणाली. “सांडू दे हो. मी परत भरते.”

बाहेर कडी हलली. ती उठली, दाराकडे पाठ केली, आणि तांब्या पुन्हा माठात बुडवला.